सात महिने, रोज दोन फेऱ्या: जुन्या व्हिटावर धावायचे खेळ

दादाने 2013 मध्ये घेतलेला पीएस व्हिटा, म्हणजे सोनीचा हातात धरून खेळायचा गेम कन्सोल, कपाटात पडून होता. जूनमध्ये मी तो बाहेर काढला, कारण फोनवर हे न संपणारे धावायचे खेळ खेळून वैताग आला होता. डाव संपला की जाहिरात, पुन्हा जीव हवा तर आणखी एक. गोव्यात चोडणहून रायबंदरला फेरीबोटीत मोजकी मिनिटं मिळतात, त्यातली निम्मी जाहिराती बघण्यात जायची.

दादाच्या मेमरी कार्डात या जातीचे दोन खेळ होते. पहिला कॅनाबाल्ट, मूळ 2009 चा, गच्च्यांवरून उड्या मारत धावायचा. सगळा कारभार एका बटणावर: टिचकी मारली तर आखूड उडी, दाबून धरलं तर लांब. फोनच्या काचेवर हा फरक मला कधीच नीट साधला नाही. इथे बटण किती दाबलं ते अंगठ्याला कळतं, आणि अंगठा पडद्यावर आडवाही येत नाही. धावणाऱ्याचा वेग आपोआप वाढत जातो. फार वाढला की पुढची गच्ची दिसेपर्यंत पायाखालची संपलेली असते. अशा वेळी वाटेतल्या पेट्यांना मुद्दाम धडकायचं, वेग उतरतो. हे मला चतुर्थीच्या सुमारास उमगलं आणि तिथून पुढे खरी मजा सुरू झाली. तोवर मी प्रत्येक पेटी चुकवत होते!

दुसरा जेटपॅक जॉयराइड, पाठीवरच्या जेटपॅकने उडत नाणी जमवायचा. तो पीएसपीच्या, म्हणजे व्हिटाआधीच्या सोनीच्या कन्सोलच्या, 'मिनीज' या छोट्या खेळांमधला. पीएसपीचा पडदा 480 बाय 272, व्हिटाचा 960 बाय 544, म्हणजे दोन्ही बाजूंनी बरोबर दुप्पट. चित्र वेडंवाकडं ताणलं जात नाही. मिनीज खेळांना नेटवर्क वापरायची मुभाच नव्हती. त्यामुळे जाहिराती नाहीत, पैसे भरून नाणी घेणं नाही. जमवायची ती उडूनच. मला हे फार आवडतं.

पावसाळ्यात बटणांची किंमत कळली. ओल्या बोटाने फोन भलतंच काही करतो, बटणाला फरक पडत नाही. मात्र आपल्याकडची दमट, खारी हवा बघता मी व्हिटा डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवते. उतरायचा धक्का आला की वरचं बटण दाबून व्हिटा झोपवायचा; पुन्हा उघडला की डाव तिथूनच पुढे.

उणिवा आहेत. दुपारच्या उन्हात पडदा धड दिसत नाही. या पहिल्या मॉडेलला चार्जिंगची केबल वेगळी लागते, फोनची चालत नाही; घरात ती एकच आहे, म्हणून जिवापाड जपते. टेम्पल रन, सबवे सर्फर्ससारख्या बोट सरकवायच्या खेळांसाठी फोनच बरा. भाची तेच मागते, तिला फोन देते.

बॅटरी वयाने थकली आहे, जेमतेम दोन तास टिकते. ती बदलून घेईपर्यंत सकाळची फेरी कॅनाबाल्टला, संध्याकाळची जेटपॅकला.