कातडं कमावण्यासाठी हिरडा आणि बाभळीची साल: आमच्या पेठेतलं काष्ठौषधींचं दुकान

शेळीचं कातडं घरी पहिल्यांदाच कमावणार असाल तर हिरडा इथूनच घ्या. जाडाभरडा कुटलेला मिळतो, तोच हवा. पोटात घ्यायचं वस्त्रगाळ चूर्ण महाग पडतं आणि कातडं भिजवायचं हिरड्याचं पाणी गाळताना जीव खातं.

कोल्हापुरी चपलेचं चामडं पिढ्यान्‌पिढ्या हिरडा आणि बाभळीची साल याच जोडीवर कमावलं जातं (चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं), त्यामुळे गल्ल्यावरच्या काकांना सगळं ठाऊक आहे. चुन्यात भिजवून केस काढलेलं, आतलं मांस खरवडून स्वच्छ धुतलेलं कातडं असेल तरच पुढचं सांगतात. "ताई, पहिलं पाणी फिक्कं ठेवा. एकदम कडक केलंत तर वरून रंग धरेल, आत कच्चंच राहील." अगदी खरं! दर दोन-तीन दिवसांनी हिरडा वाढवत नेला. मानेकडच्या जाड भागाची कड कापून पाहिली तेव्हा मधोमध पांढरी रेघ होती. ती पूर्ण जाईपर्यंत कातडं बाहेर काढलं नाही. आता आरपार बदामी रंग आहे आणि घडी घातली तरी तडा जात नाही. फार समाधान वाटलं.

लोखंडी घमेलं मात्र नको, काळे डाग पडतात. प्लॅस्टिकचं टब बरं.

तक्रार एकच. बाभळीची साल पोत्याच्या तळाची दिली, निम्मी माती. समोर चाळून मागा, कुरकुर न करता देतात. सोमवारी दुकान बंद.