हुकमी खेळाडू जायबंदी: त्याच्या जागी बदली, की काम वाटून घ्यायचं?

स्पर्धा तोंडावर आली आणि संघाचा हुकमी खेळाडू बाहेर. अशा वेळी कोचसमोर दोन वाटा उरतात: त्याच्या जागी दुसरा उभा करायचा, नाहीतर त्याचं काम उरलेल्यांत वाटायचं. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या एनसीएए स्पर्धेत दोन्ही झालं आहे. ठरवण्याआधी दोन्ही बघून घ्या.

२०१२. नॉर्थ कॅरोलिनाचा पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे आणून खेळ रचणारा, केंडल मार्शल. मोसमात ३५१ असिस्ट, म्हणजे थेट बास्केट मिळवून देणारे पास. क्रेटनविरुद्ध बास्केटकडे घुसताना पडला आणि उजवं मनगट मोडलं. डावखुरा असल्याने तसाच काही मिनिटं खेळतही राहिला! दुसरा गार्ड डेक्स्टर स्ट्रिकलंड जानेवारीतच गुडघा दुखावून बसलेला. उरला स्टिलमन व्हाइट, पहिल्या वर्षाचा पोरगा, मोसमभर बहुतेक वेळ बेंचवरच. कोच रॉय विल्यम्सनी त्यालाच पहिल्या पाचांत घेतलं. दोन सामन्यांत १३ असिस्ट, टर्नओव्हर, म्हणजे चेंडू समोरच्यांना गमावणं, एकही नाही. मला हे फार मोलाचं वाटतं. पोराने मार्शल व्हायचा हट्ट धरला नाही, चेंडू सांभाळून पुढे नेला आणि उंच खेळाडूंच्या हातात दिला. ओहायोविरुद्ध टायलर झेलरने २० गुण आणि २२ रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर पकडलेले चेंडू) काढले, जादा वेळेत ७३-६५ असा सामना जिंकला. पण पुढे कॅन्ससविरुद्ध मध्यंतराला ४७-४७ असलेला संघ उत्तरार्धात फक्त २० गुण करू शकला आणि हरला. खेळ अडला की वाट काढून देणारा मार्शल तिथे नव्हता.

२०१८. अव्वल मानांकित व्हर्जिनिया, बचाव देशात नावाजलेला. डिआंद्रे हंटरचं मनगट स्पर्धेच्या तोंडावर मोडलं. तो सुरुवातीच्या पाचांत नसायचा, पण उंच असो वा चपळ, समोरच्या कुणालाही रोखून धरू शकायचा. संघाने नेहमीचीच पद्धत ठेवली, त्याची खेळायची मिनिटं इतरांनी घेतली. सोळाव्या मानांकित यूएमबीसी या विद्यापीठाच्या संघाविरुद्ध मध्यंतर २१-२१. उत्तरार्धात समोरच्यांनी ५३ गुण ठोकले आणि सामना ७४-५४ असा गेला. पुरुषांच्या स्पर्धेत सोळाव्या मानांकिताने पहिल्याला हरवण्याची ती पहिलीच वेळ. हंटर असता तर जिंकलेच असते असं मी म्हणणार नाही. पण मिनिटं वाटून झाली, त्याचं काम वाटलं गेलं नाही, हे मला स्पष्ट दिसतं.

तुमचा गेलेला खेळाडू चेंडू आणणारा असेल तर बदलीच उतरवा, अगदी नवखा असला तरी, आणि त्याला एकच छोटं काम द्या. कुणालाही धरणारा बचावपटू गेला असेल तर त्याच्यासारखा दुसरा शोधत बसू नका. बचावाची पद्धतच बदला, झोन लावा (प्रत्येकाने एकेक खेळाडू नाही, मैदानाचा आपला भाग सांभाळायचा), खेळाचा वेग उतरवा.

आणि सराव आत्ताच करा: आठवड्यातून एकदा, दहा मिनिटं, सगळ्यात चांगल्या खेळाडूला बाहेर बसवून.