कलांग नदीकाठची सायकलवाट: नऊ महिने रोज वापरल्यावर

सिंगापूरच्या बिशान-आंग मो किओ पार्कातून जाणारी ही वाट आठवड्यातले पाच दिवस, जाता-येता दोन्ही वेळा वापरून नऊ महिने झाले. इथे नव्याने राहायला आलेली मराठी मंडळी हटकून विचारतात, "पावसात वाट पाण्याखाली जाते म्हणे, मग रोजच्या कामाची आहे का?" आहे. फक्त कुठला भाग बुडतो आणि का बुडतो, हे एकदा नीट समजून घ्यावं लागतं.

पूर्वी इथे नदी म्हणजे २.७ किमी लांबीची सरळसोट काँक्रीटची चर होती, १७ ते २४ मीटर रुंद. पाणी लवकरात लवकर पुढे ढकलायचं, एवढंच तिचं काम. २००६ मध्ये सुरू झालेल्या, नद्या-नाले लोकांजवळ आणायच्या 'एबीसी वॉटर्स' या सरकारी कार्यक्रमात ही चर फोडली आणि २०१२ मध्ये नवं पात्र खुलं झालं. आता तोच प्रवाह वळणं घेत ३.२ किमी जातो. एरवी पोटऱ्या भिजतील एवढंच पाणी. मोठी सर आली की ते दोन्हीकडच्या हिरवळीवर चढतं आणि पात्र जवळजवळ १०० मीटर रुंद होतं. पाणी वाहून न्यायची क्षमता सुमारे ४० टक्क्यांनी वाढली ती या पसरण्यामुळेच. म्हणजे काठाशी उतरणाऱ्या पायवाटा, पाण्यातले दगडी टप्पे आणि खालची हिरवळ मुळातच बुडण्यासाठी केलेली आहे. सायकलची मुख्य वाट वरच्या अंगाला आहे. रोज जायचं असेल तर तीच धरा. खालच्या वाटा रविवारी पोरांना घेऊन फिरायला.

काठ बघायचा असेल तर वळणाच्या बाहेरच्या बाजूला थांबा. तिथे पाण्याचा वेग जास्त, म्हणून धूपही जास्त. अशा जागी दगडांचं पिचिंग, म्हणजे काठाला दगडांचं अस्तर आहे, पण आपल्याकडच्यासारखं सिमेंटने सांधे भरलेलं नाही. दगडांच्या फटींत जिवंत फांद्यांची छाटं खोचली होती, त्यांची मुळं आता दगडाला कवटाळून बसली आहेत. सौम्य उतारावर फांद्यांच्या जुड्या बांधून आडव्या पुरतात किंवा माती जिओटेक्स्टाइलमध्ये (पाणी झिरपू देणाऱ्या मजबूत कापडात) गुंडाळून तिचे थर पायऱ्यांसारखे रचतात. सिंगापूरच्या उष्ण-दमट हवेत हे टिकेल का, हे आधी कोणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून २००९ मध्ये शेजारच्या एका नाल्यावर ६० मीटरचा तुकडा घेऊन दहा पद्धती करून पाहिल्या आणि त्यांतल्या टिकल्या त्याच मुख्य पात्रात वापरल्या. कुठल्याही नाल्यावर असं काम काढायचं असेल तर हा ६० मीटरचा तुकडा आधी करावा. फोडलेल्या काँक्रीटची टेकडी पार्कातच रचून ठेवली आहे. चढून जा, नजारा बरा आहे.

आता तक्रारी. पहिली गाळाची. सर ओसरली की पाणी तास-दोन तासांत उतरतं, पण वाटेच्या सखल भागावर पिठासारख्या बारीक गाळाचा थर राहतो. ओला असताना तो दिसतो, सुकला की निरुपद्रवी. घात होतो तो अर्धवट सुकलेला असताना: वरून कोरडा, आतून साबणासारखा. त्यावर वळताना ब्रेक दाबला की पुढचं चाक निघालंच म्हणून समजा. वळणाआधीच वेग कमी करायचा आणि वळण हँडलला झटका न देता, ब्रेक सोडून घ्यायचं. २५ मिमीचे बारीक टायर इथे नकोत. ३५ मिमीचे, ५० पीएसआयच्या आसपास हवा भरून, चांगले चालतात. रिम ब्रेक असतील तर हाच गाळ ब्रेकशूमध्ये रुतून रिम खरवडतो. दर आठवड्याला शू काढून त्यातले कण टाचणीने टोकरून काढावे लागतात. डिस्क ब्रेकला ही कटकट कमी. मडगार्ड लांब हवेत, नाहीतर पाठीवर नकाशा उमटतो.

दुसरी तक्रार विजांची, पण ती देवाकडे. वर्षातले दीडशेहून अधिक दिवस इथे गडगडाटाचे. दुपारच्या सरींचा अंदाज येतो; पहाटेचे 'सुमात्रा' वारे (सुमात्रा बेटाकडून येणारी वादळी सर) मात्र अचानक गाठतात. माथ्यावर थेंब नसतानाही वरच्या भागातल्या पावसाचं पाणी येऊ शकतं. त्यासाठी पाण्याची पातळी मोजणारे सेन्सर, दिवे, भोंगे आणि ध्वनिक्षेपक लावले आहेत. भोंगा वाजला की फोटो काढत बसू नका, सरळ उताराने वर चला. दगडी टप्प्यांवरून पलीकडे जायचा मोह तर अजिबात नको.

तिसरी म्हणजे संध्याकाळची गर्दी. वाटेवर वेगमर्यादा ताशी २५ किमी असली तरी सहानंतर १२-१५ च्या वर जाता येत नाही. पदपथावर मर्यादा १० आहे आणि जुलै २०२५ पासून 'फक्त पादचारी' असं लिहिलेल्या पट्ट्यावर सायकल चालवताच येत नाही. अंधारात पुढे पांढरा दिवा हवाच. आणि ऊद (पाणमांजरं) आडवे आले तर थांबा, घंटी वाजवू नका. ही जात सिंधुदुर्गातही आहे, पण तिथे दर्शन दुर्मीळ. इथे अख्खं कुटुंब वाटेवर अंग वाळवत पडलेलं असतं.

पार्क संपल्यावर खालच्या अंगाला नदी पुन्हा काँक्रीटच्या भिंतींत शिरते. वाट कोरडी राहते, वेगही मिळतो, पण सावली तुटक आणि सोबतीला कठडा.

"पुण्यात असं का नाही?" हा प्रश्न इथे दर गणपतीत निघतोच. इथे मैलापाणी वेगळ्या बंद वाहिन्यांतून जातं, नदीत येतं ते पावसाचं पाणी. मुळा-मुठेत सांडपाणी मिसळत असताना काठ उताराचा करून लोकांना पाण्याशी नेलं तर त्यांना कशाशी नेलं? दुसरं म्हणजे रुंदी. १७ मीटरचं १०० मीटर व्हायला शेजारी मोकळं पार्क होतं. इथे उद्यान आणि नदी मिळून ६२ हेक्टरांचा एकच आराखडा केला. नाल्याला खेटून इमारती उभ्या असतील, तर रंगीत पट्टा मारून सायकल ट्रॅक होतो, पुराला मात्र जागा मिळत नाही.

जाता जाता: घडीची सायकल १२० × ७० × ४० सेंमीत बसत असेल तर एमआरटीत (इथल्या मेट्रोत) नेता येते. विजा सुरू झाल्या की बिशान स्टेशन गाठायचं. फक्त आत शिरण्याआधी चाकांचा गाळ पुसायला एक जुनं फडकं सोबत असू द्या.