आपत्तीग्रस्त देशाला मदत: धर्मसंस्थेमार्फत की धर्मनिरपेक्ष संस्थेमार्फत?

भूकंपाने किंवा त्सुनामीने उद्ध्वस्त झालेल्या देशासाठीची देणगी तिथल्या धर्मसंस्थेकडे सोपवावी की धर्मनिरपेक्ष मदतसंस्थेकडे, या पेचात पडलेल्या एका स्नेह्यासाठी हे लिहीत आहे.

पोहोच आणि विश्वास या निकषांवर धर्मसंस्था निःसंशय उजव्या ठरतात. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत इंडोनेशियातील बांदा आचे शहरातील बैतुर्रहमान मशीद तगली आणि बेघरांना तिथेच आसरा मिळाला. २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोला पसरला असताना मृतदेह धुण्याची जुनी प्रथा सोडायला ठिकठिकाणची कुटुंबे राजी झाली, ती इमाम आणि पाद्री यांनी समजावल्यावर.

निःपक्षपातीपणाच्या निकषावर मात्र माझा कौल दुसऱ्या बाजूला आहे. २०१० च्या भूकंपानंतर हैतीत कॉलरा आला, तेव्हा त्याचे खापर वोडू या तिथल्या लोकधर्माच्या पुरोहितांवर फोडून जमावांनी कित्येकांचे जीव घेतले. अशा तापलेल्या समाजात मदतीचे वाटप एकाच पंथाच्या हाती असणे मला धोक्याचे वाटते. अर्थात, ती साथ संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळावरील सांडपाण्यातून पसरली होती, त्यामुळे धर्मनिरपेक्ष यंत्रणेवरही डोळे झाकून विसंबता येत नाही.

खर्चाचा हिशेब दोघांकडेही मागावाच.

पहिल्या दिवसांतील अन्न, निवारा आणि शोकाकुलांचा आधार यांसाठी स्थानिक धर्मसंस्था निवडावी; रुग्णालये व पाणीपुरवठा यांच्या उभारणीसाठी, तसेच मिश्र वस्तीच्या प्रदेशासाठी, धर्मनिरपेक्ष संस्था.