शौचाची तपासणी की दुर्बिणीची?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एखाद्या आरोग्य केंद्रात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची चाचपणी करायची, तर वाटा दोन. पहिली 'फिट': शौचाचा कणभर नमुना, त्यात डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधायचं. उपास नाही, पथ्य नाही, पण दरवर्षी करावी लागते.

दुसरी कोलोनोस्कोपी: गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठं आतडं आतून बघायचं. आदल्या दिवशी जुलाबाचं औषध, बेळगावची फेरी, बुडालेली मजुरी, सोबतीला माणूस. मात्र आतड्यात पॉलिप, म्हणजे अस्तरावरची छोटी गाठ, दिसला तर तिथंच काढता येतो, आणि सगळं ठीक निघालं तर साधारण 10 वर्षं पुन्हा करावी लागत नाही.

माझं मत गावपातळीवर फिटच्या बाजूनं. पण खरी अडचण पुढं आहे. कणकुंबीकडच्या मावशींना आशाताईंनी डबी दिली, आणि डबीवरच्या सूचना कन्नडमध्ये असल्या, तर समजावायला मराठीच लागते; "परसाकडचं डबीत कसं गं द्यायचं?" ही लाज त्याशिवाय जात नाही. एप्रिल-मेच्या उन्हात नमुना पडून राहिला तर फिट शोधते ते रक्तातलं हिमोग्लोबिन बिघडतं, रक्त असूनही सापडत नाही.

आणि रक्त सापडलं तर कोलोनोस्कोपी टळत नाहीच. "मूळव्याध असेल" म्हणून घरी बसणं सगळ्यात घातक. आईवडिलांना किंवा भावंडांना हा कॅन्सर झाला असेल, तर फिटवर न थांबता डॉक्टरांना थेट दुर्बिणीचंच विचारा.