एमिली डिकिन्सनची पत्रं: १९५८ची प्रत घ्यावी की २०२४ची?

अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सनच्या कविता वाचून झाल्या आणि आता पत्रांकडे वळायचं ठरलं, की पहिला प्रश्न पडतो तो कुणाची प्रत घ्यायची हा. थॉमस जॉन्सन आणि थिओडोरा वॉर्ड यांनी १९५८ साली तीन खंडांत काढलेली पत्रं साठेक वर्षं प्रमाण मानली गेली. २०२४ साली क्रिस्टॅन मिलर आणि डॉनल मिचेल यांची एकखंडी प्रत आली. दोन्ही हार्वर्डच्याच. तिसरा पर्याय फुकट आहे, तो म्हणजे मूळ कागदांचे फोटो. तिन्ही एकाच टेबलावर ठेवून काम केलेल्याला बहुधा तिन्ही लागतात, पण पैसे एकाचेच असतील तर निवड करावीच लागते.

आकडे आधी सांगून टाकतो, कारण त्यांनीच गैरसमज होतो. जॉन्सनकडे १०४९ पत्रं, नव्या प्रतीत १३०४. वाटतं की मधल्या काळात कुठल्या तरी माळ्यावरून अडीचशे पत्रं निघाली. काही निघाली खरी, पण फरकाचा मोठा भाग त्यातला नाही. तो आहे ‘पत्र म्हणजे काय’ या व्याख्येतला.

डिकिन्सन पुष्कळदा पत्र म्हणून नुसती कविताच पाठवायची. वर नाव, खाली सही, कागदाला घडी, मध्ये गद्याची एकही ओळ नाही. जॉन्सनने १९५५ साली कवितांची तीन खंडांची प्रत काढली होती. असे कागद तिथे कविता म्हणून गेलेच होते, त्यामुळे पत्रांच्या खंडांत त्यातले बरेचसे आले नाहीत. बरेचसे म्हणतो, कारण नियम सगळीकडे सारखा पाळलेला नाही. डिसेंबर १८५८ मध्ये भावजय सुझन, म्हणजे सू, हिच्या वाढदिवसाला पाठवलेली ‘घरात एक बहीण, एक कुंपणापलीकडे’ अशा अर्थाची कविता जॉन्सनकडे कविता क्रमांक १४ आहे आणि पत्र क्रमांक १९७सुद्धा. मग तशाच दुसऱ्या कवितेला पत्रांत जागा का नाही, याचं समाधानकारक उत्तर खंडांत मिळत नाही. मिलर-मिचेल यांनी अशा दोनशेहून जास्त ‘पत्र-कविता’ सरळ पत्रांच्या रांगेत, आपापल्या तारखेला बसवल्या.

वरवर पाहता ही संपादकांची आपसातली भांडणं वाटतील. वाचकाला त्याचा त्रास होतो तो सूच्या बाबतीत. सू शेजारच्याच घरात राहायची. एमिलीचं ‘होमस्टेड’ आणि सूचं ‘एव्हरग्रीन्स’ या घरांमध्ये चालत जाण्याएवढंच अंतर, त्यामुळे चिठ्ठी पोस्टाने जात नसे, कुणाच्या तरी हातात देऊन पोचवली जाई. तिकीट नाही, शिक्का नाही, तारीख नाही. आणि अडीचशेच्या वर कविता या एका बाईकडे गेल्या. त्या बाजूला काढल्या की जॉन्सनच्या खंडांत सूला लिहिलेली पत्रं तिच्या लग्नानंतर विरळ होत जाताना दिसतात, आणि पहिल्यांदा वाचणारा सहज म्हणतो, बहुतेक दोघींचं बिनसलं असावं. दोघींमध्ये ताण आले असतीलही. पण कागदांची ये-जा थांबलेली नव्हती, ती दुसऱ्या पुस्तकात छापली गेली होती.

मग दुसऱ्या पुस्तकात बघावं म्हटलं तर खरी कटकट पुढे आहे. कविता कुणाला आणि केव्हा पाठवली याची टीप असते ती जॉन्सनच्या १९५५च्या तीन खंडांत किंवा राल्फ फ्रँकलिनच्या १९९८च्या तीन खंडांत. बहुतेकांच्या कपाटात असते ती १९६०ची एकखंडी जॉन्सन किंवा १९९९ची एकखंडी फ्रँकलिन, आणि त्या दोन्हींत या टिपा नाहीत. म्हणजे सूबरोबरचा व्यवहार सलग वाचायचा तर पत्रांचे तीन खंड अधिक कवितांचे तीन खंड, दोन्हीकडे बोटं घालून बसायचं, शिवाय जॉन्सन आणि फ्रँकलिन यांचे कवितांचे क्रमांकही जुळत नाहीत. एखाद्या महिन्यापुरतं हे जमतं. पस्तीसेक वर्षांच्या पत्रव्यवहाराला जमत नाही. माझ्यापुरता तराजू इथेच कलला. बाकीचे मुद्दे दोन्ही बाजूंनी मांडता येतात, हा येत नाही.

एक उदाहरण दोन्ही प्रतींत उघडून बघण्यासारखं आहे. १८६१ साली ‘अलॅबॅस्टरच्या दालनांत सुखरूप’ या कवितेचं दुसरं कडवं सूला पसंत पडलं नाही. एमिलीने नवं कडवं पाठवलं, सूने उलट लिहिलं की पहिलं कडवं आपल्यापुरतं पुरं आहे, त्याला जोड नकोच. तिकडून पुन्हा विचारणा, हे जास्त गारठलेलं आहे का? हा प्रसंग जॉन्सनकडेही पत्र २३८ म्हणून नीट दिलेला आहे, सूच्या उत्तरासकट, त्याबद्दल तक्रार नाही. फरक त्याच्या आजूबाजूला आहे. त्याच दिवसांत सूकडे आणखी काय काय येत होतं ते नव्या प्रतीत पान उलटलं की भेटतं. जॉन्सनकडे हे पत्र एकटंच उभं असल्यासारखं वाटतं, जणू दोघी कवितेबद्दल एकदाच बोलल्या.

आता तारखा. डिकिन्सनने ऐन तारुण्यानंतर पत्रांवर तारीख घालणं जवळजवळ सोडलं. पाकीट टिकलं असेल आणि शिक्का वाचता येत असेल तर ठीक, नाहीतर अंदाज. जॉन्सनच्या प्रतीत हा अंदाज मुख्यतः हस्ताक्षरावरून आहे आणि ते काम थिओडोरा वॉर्ड यांनी कसून केलं. (वॉर्डबाई या डिकिन्सनचे स्नेही हॉलंड दांपत्य यांच्या नात. आजीला आलेली पत्रं घरातच होती.) पद्धत समजायला सोपी आहे. १८५०च्या दशकातलं अक्षर बारीक आणि जोडलेलं, मग ते मोठं आणि मोकळं होत जातं, १८७०चं दशक सरता सरता प्रत्येक अक्षर सुटं पडतं. त्याला कागदाचा वॉटरमार्क आणि कोपऱ्यातली उठावाची छाप यांची जोड. पण अक्षरावरून वर्ष कळतं, फार तर दोन वर्षांचा पट्टा. महिना कळत नाही. शिवाय शाई आणि पेन्सिल यांतला फरक माणसाला चकवतो. १८६४ साली डोळ्यांच्या उपचारासाठी डिकिन्सन केंब्रिजला राहिली तेव्हा डॉक्टरांनी पेन काढून घेतलं, असं तिनेच हिगिन्सनला, म्हणजे ज्याच्याकडे ती कवितांबद्दल सल्ला मागायची त्या लेखकाला, कळवलं आहे. पेन्सिलीतलं अक्षर शाईतल्या अक्षराशी ताडून पाहायला गेलं की घोटाळा होतो.

नव्या प्रतीत हस्ताक्षराचा आधार आहेच, पण त्यावर हवामान, बागेत त्या वेळी काय फुललं आहे, गावातल्या बातम्या, कुणाचं जाणं-येणं असे धागे लावून बऱ्याच तारखा बदलल्या आहेत. हे सगळं शंभर टक्के बरोबर निघेल असं कुणी म्हणू नये. फुलं एखाद्या वर्षी लवकरही येतात. तरी ‘१८७७च्या सुमारास’ या नोंदीपेक्षा ‘या वसंतात’ ही नोंद वाचकाच्या जास्त उपयोगाची आहे, आणि चूक असली तर ती पकडताही येते.

तारखेने काय बिघडतं ते ‘मास्टर’ला (हा कोण, ते अजून ठरलेलं नाही) उद्देशून लिहिलेल्या तीन मसुद्यांवरून कळावं. जॉन्सनने त्यांना १८७, २३३ आणि २४८ हे क्रमांक दिले, वर्षं अंदाजे १८५८, १८६१ आणि १८६२. फ्रँकलिनने १९८६ साली हे कागद पुन्हा तपासून शेवटच्या दोघांची अदलाबदल केली. त्याच्या मते २४८ हे १८६१च्या सुरुवातीचं आणि २३३ त्याच वर्षीच्या उन्हाळ्यातलं. २४८मध्ये ती गुडघे टेकून माफी मागते आहे, २३३मध्ये जखमेवर बोट ठेवून विचारते आहे. कुठलं आधी घेता त्यावर सगळी गोष्ट फिरते. जॉन्सनची प्रत घेतलीत तर या दोन पत्रांच्या समासात हा बदल पहिल्याच दिवशी पेन्सिलीने लिहून ठेवा.

जॉन्सनच्या बाजूने मात्र एक गोष्ट भक्कम आहे, क्रमांक. १९५८ नंतरच्या टीकेत ‘एल २६०’ (एल म्हणजे ‘लेटर’, पुढे जॉन्सनचा क्रमांक) म्हटलं की हिगिन्सनला लिहिलेलं पहिलं पत्र, हे सगळ्यांना पाठ. चरित्रं, प्रबंध, सूची, सगळं याच क्रमांकांवर चालतं. एखाद्या लेखात संदर्भ सापडला आणि तो ताडून पाहायचा तर जॉन्सन काढणं सर्वांत जलद. तुमचं काम मुख्यतः इतरांनी लिहिलेलं तपासण्याचं असेल तर जुनी प्रत घ्या, असं मी विनासंकोच सांगेन. तिसऱ्या खंडाच्या शेवटी गद्याचे सुटे तुकडे एकत्र केलेले आहेत, तेही हाताशी असलेले बरे. आणि तीन खंड आडवं पडून वाचता येतात. हजार पानांच्या आसपासचा एक खंड टेबलावरच ठेवावा लागतो. नव्या प्रतीतून काही उतरवून घेतलंत तर तिच्या क्रमांकाशेजारी जुना क्रमांकही टिपून ठेवा. सहा महिन्यांनी शोधताना तोच कामी येतो.

तिला आलेली पत्रं वाचायला मिळतील या आशेने कुठलीच प्रत घेऊ नये. १८८६च्या मे महिन्यात ती गेल्यावर धाकटी बहीण लॅव्हिनियाने तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे आलेली पत्रं जाळली. जी थोडीथोडकी वाचली ती नव्या प्रतीत घेतली आहेत, पण एकूण संवाद एकतर्फीच राहतो.

फोटोंबद्दल थोडं खुलासेवार लिहितो, कारण तिथे लोक नको तिथे शोधतात. कागद दोन ठिकाणी विभागले गेले ते दोन घरांच्या भांडणामुळे. पहिली पुस्तकं काढणाऱ्या मेबल लूमिस टॉडकडचा वाटा तिच्या मुलीने १९५६ साली अ‍ॅमहर्स्ट कॉलेजला दिला. सूच्या मुलीकडचा वाटा १९५० साली हार्वर्डला गेला, तो हॉटन लायब्ररीत आहे. म्हणून सूला लिहिलेलं शोधायचं तर हॉटन. भाऊ ऑस्टिनला लिहिलेली पत्रं, उतारवयातले तिचे स्नेही जज्ज लॉर्ड यांना लिहिलेले मसुदे आणि ‘मास्टर’चे तिन्ही कागद अ‍ॅमहर्स्टला. हिगिन्सनची पत्रं या दोन्हींकडे नाहीत, ती बॉस्टन पब्लिक लायब्ररीत आहेत. २०१३ साली सुरू झालेलं ‘एमिली डिकिन्सन अर्काइव्ह’ सगळ्यांना एकत्र आणतं खरं, पण ते फ्रँकलिनच्या कवितांच्या यादीवर उभं आहे. पत्रात कविता नसेल तर ते पत्र तिथे मिळण्याची आशा धरू नका. तिथे कवितेच्या पहिल्या ओळीने किंवा ज्याला ती पाठवली त्याच्या नावाने चाळता येतं.

फोटो वाचताना पहिली चूक पानांच्या क्रमाची होते. एक कागद मध्ये दुमडून चार पानं केलेली असतात. घडी उघडून फोटो काढला असेल तर बाहेरच्या बाजूला डावीकडे चौथं पान आणि उजवीकडे पहिलं पान येतं. डावीकडून वाचायला घेतलं की सुरुवातच शेवटापासून होते. आधी ‘डियर’ कुठे आहे ते पाहावं आणि तिथून निघावं. दुसरी अडचण अक्षराची. ‘एस’ किंवा ‘सी’ मोठा की छोटा हे नुसत्या आकारावरून कित्येकदा ठरत नाही, आणि डॅशची लांबी, उंची, तिरकेपणा दर वेळी वेगळा. छापील प्रतींत हे सगळं एकसारखं होतं. उशिराच्या पत्रांत एका ओळीत दोन-तीनच शब्द मावतात. ओळी कागदावर जिथे मोडतात तिथे त्या मुद्दाम मोडल्या की जागा संपली म्हणून, हा वाद अजून चालू आहे. दोन्ही संपादकांनी गद्य सलग छापलं आहे. तुम्हाला हा वाद महत्त्वाचा वाटत असेल तर दोन्ही प्रतींचा उपयोग मर्यादित, फोटोच हवेत.

हिगिन्सनला तिचं अक्षर पाहून अ‍ॅमहर्स्टच्या संग्रहालयातल्या पक्ष्यांच्या दगडी पावलांच्या ठशांची आठवण झाली होती. १५ एप्रिल १८६२च्या त्या पहिल्या पत्राला सही नव्हती. नाव होतं ते एका कार्डावर, पेन्सिलीने, वेगळ्या छोट्या पाकिटात बंद केलेलं. हे छापील पानात टीप म्हणून येतं. फोटोत ते वेगळं पाकीट म्हणून दिसतं, आणि दोन्हींचा परिणाम सारखा नाही.

काही पत्रांना फोटोही वाचवू शकत नाहीत. नॉरक्रॉस बहिणींनी, म्हणजे डिकिन्सनच्या मावसबहिणींनी, मूळ कागद टॉडबाईंच्या हातात दिलेच नाहीत, स्वतः गाळून उतरवलेला मजकूर तेवढा दिला, आणि मूळ पत्रं पुढे नष्ट झाली. ती पत्रं कुठल्याही प्रतीत वाचा, त्यामागे टॉडबाईंची १८९४ची दोन खंडांची प्रतच आहे. ही प्रत इंटरनेट अर्काइव्हवर मोफत आहे, म्हणून पुष्कळजण तिथूनच सुरुवात करतात. करू नये. तिची मांडणी तारखेने नाही, व्यक्तीनिहाय आहे, आणि सू तिच्यात नाहीच. ऑस्टिनला लिहिलेल्या सुरुवातीच्या पत्रांत सूचे उल्लेख खोडलेले आणि कापलेलेही आहेत. तो हात कुणाचा यावर मतभेद आहेत, पण खोडल्याच्या खुणा अ‍ॅमहर्स्टच्या फोटोंत दिसतात.

दुकानात किंवा लायब्ररीत दोन्ही प्रती समोर असतील तर १८६१ हे वर्ष काढा. अलॅबॅस्टरच्या पत्राच्या मागची आणि पुढची दहा-दहा पानं वाचा, आणि दोन्हीकडे सूचं नाव किती वेळा येतं ते मोजा.