पैसे गेले ते गेले, आप्पांची फाइल गेली

आमचे आप्पा नाशिकरोडच्या नोटप्रेसमधून निवृत्त झाले. वय ७३. हातात नोट आली की आधी उजेडाकडे धरणार, वॉटरमार्क बघणार, मगच खिशात टाकणार. त्या माणसाला एका खोट्या वेबसाइटने फसवलं. नुसते पैसे गेले असते तर मी हे लिहायला बसले नसते.

सत्तरी ओलांडलेल्यांना, उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. ऑक्टोबर २०२४ पासून ही सोय आहे. मुक्तिधामजवळच्या कट्ट्यावर मित्रांकडून आप्पांना ते कळलं. मी कामावर होते. त्यांनी मोबाइलवर शोधलं आणि सगळ्यात वर जे दिसलं ते उघडलं. ती जाहिरात होती. ‘प्रायोजित’ हा शब्द इतका बारीक असतो की चष्मा लावूनही नजरेतून सुटतो. आत राजमुद्रा, तिरंगा, पंतप्रधानांचा फोटो आणि सगळं सोप्या मराठीत.

नोंदणीचे ४९९ रुपये भरले. मग ‘आरोग्य प्रोफाइल’ आलं: आजार कोणते, गोळ्या कोणत्या, रिपोर्ट जोडा. आप्पांनी शुगरची अख्खी फाइल, गुडघ्याच्या एक्स-रेसकट, फोटो काढून चढवली. कार्ड काही आलं नाही. चार दिवसांनी फोन मात्र आला.

“काका, आरोग्य विभागातून बोलतेय. तुमची शुगरची तीन महिन्यांची सरासरी ८.४ आहे ना?” आकडा बरोबर. गोळ्यांची नावं बरोबर. गोड मराठी, घाई नाही. आपला रिपोर्ट सरकारकडेच आहे, म्हणजे बाई सरकारीच असणार, असं आप्पांना वाटलं. मला विचाराल तर त्यांच्या जागी मलाही तसंच वाटलं असतं. तिने सांगितलं, या गोळ्यांनी किडनी जाते, योजनेतलं चूर्ण घ्या, गोळ्या बंद करा. ६,८०० रुपयांचं पार्सल घरी आलं. आप्पांनी आम्हाला काही न सांगता गोळ्या थांबवल्या.

अकरा दिवस. सारखी तहान, रात्री चार-पाच वेळा उठणं, दिवसभर सुस्ती. आम्ही उन्हाळ्यावर ढकललं, याचं अजून वाईट वाटतं. बाराव्या दिवशी ते बोलताना अडखळायला लागले, तसं रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. शुगर ४१२. तीन दिवस सलाइन आणि इन्सुलिन.

घरी आल्यावर मी ती साइट त्यांच्यासमोर उघडली. पत्त्यात ‘आयुष्मान’ होतं, ‘जीओव्ही’ही होतं, पण मध्येच. शेवट होता ‘डॉट ऑनलाइन’. शेवटी ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ असलेला पत्ता फक्त सरकारी कार्यालयांना मिळतो. राजमुद्रेचं चित्र कुणीही चिकटवतो. कुलपाची खूणही खोट्या साइटवर असते. माहिती वाटेत कुणी वाचत नाही एवढंच तिचं सांगणं, पलीकडे कोण बसलंय ते ती सांगत नाही. आप्पा बराच वेळ त्या पत्त्याकडे बघत राहिले. “म्हणजे वॉटरमार्क हा आहे,” म्हणाले. “मग इतका बारीक का ठेवलाय?”

या प्रश्नावर मला खरंच राग येतो. खरं कार्ड आधारच्या पडताळणीवर, फुकट निघतं. एकही रिपोर्ट लागत नाही. हेच वाक्य खऱ्या साइटवर पहिल्या ओळीत, मोठ्या मराठी अक्षरांत हवं. कुठलीही माहिती मागताना ती कशाला हवी आणि कोण बघणार, हे तिथेच लिहायला हवं. औषधाबद्दल काही सांगितलं असेल तर ते कोणत्या डॉक्टरने तपासलं आणि कधी, तेही. खरा पत्ता प्रत्येक सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर रंगवा. लबाड लोक म्हाताऱ्या माणसाशी त्याच्या भाषेत बोलायचे कष्ट घेतात, मग ते आपल्याला का जमू नये?

तुमच्या घरी असं झालं तर लाजेपायी थांबू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितका लवकर, तितके पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त. आयुष्मानबद्दल शंका असेल तर १४५५५. आम्ही फार उशिरा तक्रार केली. फाइल तर अडवताच येत नाही.

परवा पुन्हा फोन आला. बाई दुसरी होती. “काका, डावा गुडघा कसा आहे?” आप्पांनी काही न बोलता फोन माझ्या हातात दिला.